धूमकेतू आला अन् हडंबाही आला

आत्ताच्या आत्ता सांगतलं नाही तं मले झोप येणार नाही. नाकात भुसा हाये, मोबाईलवर भुसा हाये, तरी टाइप करून राह्यली. आज आमच्या वावरातून धूमकेतू दिसत होता अन् माह्याजवळ त्याचा एकही फोटो नाही!

सूर्य बुडाल्यावर हा मावळतीले जरासा वेळ दिसते, मंग तोही बुडते. इतके दिवस ढगच ढग. अमरावतीच्या होस्टेलवरून तं ढग नसले तरी लाइटाच्या उजेडात काही दिसत नाही. म्हणून चांदूर बाजारकडं, आमच्या गावी आली. अकोल्याचा मामेभाऊ लग्नाचे फोटो काढते, त्यानं त्याचा कॅमेरा देला. आज फोनवर म्हणे, "उद्या साखरपुड्याची ऑर्डर हाये, सकाळच्या एसटीनं घेऊन येजो. अन् धूळ लागली तं तुही खैर नाही."

आज आभाळ साफ. उद्यापासून पाणी सांगतलं. म्हंजे जे काय ते आजच. हा पाहुणा परत येईल तवा आपण कोणीच नसू.

सोयाबीनच्या गंजीजवळ स्टँड लावला, फोकस केला, सूर्य बुडाची वाट पाहून राह्यली. तेवढ्यात धुऱ्याच्या बांधावरून ट्रॅक्टर. मांगं हडंबा, म्हंजे आमचं मळणीचं मशीन. बाबा कवापासून त्याच्या नंबराची वाट पाहून राह्यले होते.

"बाबा, आजच काहून?"

"उद्या पाणी हाये. भिजवाचं काय सोयाबीन?"

"पण माहा धूमकेतू!"

"त्याले म्हणा उद्या ये. हडंबा काही उद्या येत नाही."

हडंबेवाला खो खो हसला. बाबानं मूठभर माती वरून सोडून वारा पाह्यला. वारा उगवतीचा. झालं, भुशाचं तोंड मावळतीकडं. बरोब्बर माह्या धूमकेतूवर!

"थोडंसं तिकडं फिरवा ना!"

"अन् भुसा काय तुह्या मायच्या डोळ्यात घालू?"

मशीन सुरू झालं अन् मावळतीले भुशाची भिंत उभी राह्यली. भावाची धमकी आठवली. कॅमेरा खताच्या रिकाम्या पोत्यात घातला, तोंड सुतळीनं आवळलं, पोत्याले मारतो तशी गच्च गाठ मारली. मंग आईसंग पोते धरत बसली.

अन् अंधार पडला तसा मधातच मशीनचा पट्टा उतरला. मशीन बंद. भुसा हळूहळू खाली बसला.

"अवं पोरी, ते पाह्य," आईनं तोंडावरचा पदर काढला. "शेंडे नक्षत्र!"

काय सांगू तुमाले! कपाशीच्या पळाटीच्या वर, हात लावावा इतक्या जवळ, पांढरी लांब शेपटी. मजुरीच्या बाया वाकलेल्या होत्या, त्या उभ्या राह्यल्या. मी पोत्याकडं पळाली. गाठ सुटेना! नखं लावले, दात लावले, विळा कुठं ते सापडेना. गाठ सुटली, कॅमेरा हातात आला, अन् धडधड! पट्टा चढला होता. तरी बटन दाबलं. फोटोत ट्रॅक्टरच्या लाइटानं सारे सोनेरी फराटे.

मोबाईलवर घेऊन भावाले पाठवला. तो म्हणते, "धूमकेतू कोणता? मले तं सोयाबीनच दिसून राह्यलं."

मळणी आटोपल्यावर बाबा रुमालानं तोंड पुसत आले. "दाखव बरं तुहा तारा. तुही माय लय सांगून राह्यली. माहं डोस्कं त्या पट्ट्यातच होतं, मी नाही पाह्यला."

मी मावळतीकडं पाह्यलं. तिथं आता काहीच नव्हतं.

"बुडाला बाबा."

"फोटो असंन ना?"

मी ते फराटेच दाखवले. त्यायनं मोबाईल दूर धरला, जवळ धरला. "यातला कोणता?" मी एका फराट्यावर बोट ठेवलं. "अरे वा," म्हणाले, अन् बराच वेळ पाहत राह्यले.

तो भुसाच होता.

तुमच्यासंग झालं का हो असं कधी? आपल्या माणसाले दाखवाची एकच गोष्ट, अन् तेच तिच्याकडं पाठ करून आपल्याच कामात? मंग तुमी काय दाखवलं त्यायले?