हिटराचं जनेल

आमचा पायलटमामा विमान बांधत होता, पण विमानातल्या एकाही वस्तूला तो पुस्तकातलं नाव देत नसे. बसायची जागा म्हणजे कदेल, घरातल्या खुर्चीसारखी. पुढचं फिरतं पातं म्हणजे पंखा. इंग्रजी नकाशे त्याला पाठ होते. डिचोलीच्या खाणींवर ट्रकांची इंजिनं उघडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पण नकाशा मिटला की तो घरच्या शब्दांवर यायचा. "आपल्या भाषेत इली की वस्तू हातात गावता," म्हणायचा.

खाणी बंद पडल्यावर कुणी रिक्षा घेतली, कुणी काजूत लक्ष घातलं. मामाने लाटंबार्सेच्या घरामागे, काजूच्या बिया ठेवायच्या शेडमध्ये, दोन माणसांचं विमान मांडलं. गोव्याबाहेर राहून उडवायचा परवानाही काढून आला. येणारा जाणारा विचारी, "काय पायलट, कितक्याक सुटता?" मामा हातातला पाना खाली न ठेवता म्हणे, "मामी तयार झाली की सुटता."

ही थट्टा नव्हती. दुसरी कदेल मामीची होती. ती रिकामी ठेवून उडायचं नाही, हे त्याने पहिल्या खिळ्याआधीच ठरवलं होतं. मामीच्या मात्र दोन अटी होत्या. पहिली थंडीची. आमच्याकडे डिसेंबरात पंखा एकावर आणला तरी माणसं कानटोपी शोधतात, आणि त्यांत मामी सर्वांत पुढे. "वर थंडी लागली तर मी थंयच उतरतलंय," तिने सांगून टाकलं. दुसरी अट धुराची. "चुलीचो धूर जल्मभर खाल्लंय. तो परत खावक आकाशात कित्याक जाव?"

म्हणून गोव्यातल्या विमानाला हिटर. आम्ही पोट धरून हसलो. मामाने शांतपणे समजावलं. धूर बाहेर नेणारा इंजिनाचा पाइप तापतो. त्याच्याभोवती पत्र्याचं जाकीट घालायचं, त्यातून बाहेरची स्वच्छ हवा खेळवायची आणि ती गरम झाली की मामीच्या पायांशी सोडायची. इंजिन आणि कदेली यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. तिच्यातल्या भोकावर, हवं तेव्हा उघडायला मिटायला, जे लागतं त्याला जग व्हाल्व म्हणतं. मामा जनेल म्हणायचा.

पण हे समजावणं नंतरचं. आधी मला आला तो फोन. "वास्कोक जातंस मा? हिटराचा एक जनेल बघ. घट्ट बसणारा."

जनेल म्हणजे आमच्या घरांतली खिडकी. माझं यंत्रज्ञान बल्ब बदलण्यापुरतं, आणि तेव्हाही स्टूल बायकोच धरते. वास्कोत मोडीत निघालेल्या बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात मी पितळी कड्याची, जाड काचेची गोल खिडकी घेतली. फार घट्ट बसत होती. तीन बसगाड्या बदलत ती मांडीवर घेऊन लाटंबार्सेला पोचलो तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या.

मामाने ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली. "मेल्या, विमान उडवचा आसा, बुडवचा नाय."

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करून खराखुरा व्हाल्व आणला, अल्युमिनियमचा, पिसासारखा हलका. मामाने गॅसची ज्योत त्यावर धरली. माझ्या डोळ्यांदेखत झडप शिळ्या पापडासारखी वाकली आणि गळून पडली. "इंजिनाक आग लागली तर ह्या पयला पळतला. मगे ती आग खंय जातली? मामी बसलीहा थंय."

तिसरा आणला तो स्टीलचा. एका तोंडाचा, भक्कम. मला वाटलं, आता तरी पाठीवर थाप पडेल.

"ह्या बंद केल्यार गरम वारो खंय जातलो?" मामाने विचारलं.

"राहील तिथेच, गप."

"तुझी मामी गप रवता?"

"ऐकतंय हां मी," आतून आवाज आला.

कोंडलेली ऊब पाइपलाच भाजते, पाइप तडकतो आणि धूर कदेलीपर्यंत येतो. तो विषारी धूर कधी कधी नाकाला कळतही नाही. म्हणून जनेल दोन तोंडांचं हवं. ऊब नको तेव्हा ती बाहेर सोडणारं. "बंद करूचा नाय," मामा म्हणाला, "वाट बदलूची."

शेवटी स्टीलचा पत्रा कापून ते त्याने स्वतःच केलं. पाइपाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का पाहिलं. मग एप्रिलच्या भर दुपारी विमान अंगणात फणसाला बांधलं आणि इंजिन चालू केलं. मामी स्वेटर घालून कदेलीत बसली. मामाने जनेलाची खुंटी ओढली. मामीने डोळे मिटून हवा हुंगली, एकदा, पुन्हा एकदा. मग स्वेटर काढून मांडीवर घेतला.

"धूर नाय," ती म्हणाली. "आता पंखो बसव."

"पंखो फुडे फिरता तो कोणाचो?"

पावसाळा संपल्यावर विमानाचे पंख उतरवून ते ट्रकाने घाटावरच्या धावपट्टीकडे गेलं. मागोमाग दोघंही गेली. तिथेच खोली घेऊन राहिली आहेत. लाटंबार्सेच्या शेडमध्ये पुन्हा काजू आहे. बोटीची खिडकी माझ्या स्वयंपाकघरात, भिंतीवर. बायको चिडली की मी हल्ली तिला गप बस म्हणत नाही, वाट देतो. त्या वाटेवर बहुतेक वेळा मीच उभा असतो, ही गोष्ट वेगळी.

परवा सकाळी मामीचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

"कुठून बोलतेस?"

"खालसून. आताच उतरलंव."

"आणि?"

"आणि काय? स्वेटर पिशवीतच रवलो."