काचेच्या कपाटातलं सूक्ष्मदर्शक

पुणं सोडून या तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवायला आले, तेव्हा शाळेत प्रयोगाचं साहित्य नसणार हे गृहीतच धरलं होतं. पण इथं चक्क सूक्ष्मदर्शक होतं! काचेच्या कपाटात, कुलपात, दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू अंगावर घेऊन बसलेलं.

"बाहेर काढलं की पोरं वाट लावतात, मॅडम," मुख्याध्यापक अभिमानानं म्हणाले. "तुमच्या पुण्यात चालत असेल. इथली पोरं वेगळी." चहाचा घोट घेत ते हळहळले.

गरिबीचा मला कधी राग आला नाही. पण पोरांना आधी अडाणी ठेवायचं आणि मग चहा पिता पिता त्यांच्या अडाणीपणाबद्दल हळहळायचं, या हळहळीची मला शिसारी येते. अशी हळहळणारी माणसं स्वतःला कनवाळू समजतात, हे तर त्याहून किळसवाणं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता ऑफिसातली किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवला. नववीतली सुनंदा कितीतरी वेळ डोळा लावून बघत राहिली.

"बाई, आत विटा रचल्यात की!"

मागे सगळा वर्ग रांगेत ताटकळत होता. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले.

"हे कुणाच्या परवानगीनं चाललंय?"

"तुम्हालाही बघायचंय का, सर?" मी म्हणाले. "मग रांगेत उभे राहा."