शेवटची फट

माझे बाबा मोजणीदार. आखाडा बाळापूरच्या आसपासचे बांध साखळीनं मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर त्यांना रविवारच्या पेपरातल्या कुंपणाच्या कोड्याचा नाद लागला. लावला मीच. ठिपक्यांच्या मधे आकडे असायचे. आकड्याभोवती तेवढ्याच रेघा ओढायच्या आणि शेवटी एकच सलग कुंपण झालं पाहिजे.

दर रविवारी मी सासरहून, कळमनुरीहून यायची. आपल्या वडिलोपार्जित शेतातला विहिरीकडचा एक एकर मला द्या, असं बाबांना दोनदा बोलले होते. "बघू, माय," म्हणाले होते. त्या 'बघू'वर मी जगत होते.

मी शिकवायची, "शून्याभोवती चारी बाजूंनी फुल्या मारा, म्हणजे तिथं रेघ नाही. त्याला चिकटून तीन असला तर तीनच्या उरलेल्या तिन्ही रेघा पक्क्या. कोपऱ्यातल्या तीनच्या बाहेरच्या दोन रेघा तर डोळे झाकून ओढा."

हे त्यांना लगेच जमलं. खोड एकच. साखळी निघाल्या जागी परत आली की मोजणीदाराचा जीव भांड्यात पडतो. चार रेघांत छोटंसं कुंपण बंद करून ते पेन ठेवायचे, "झालं की!" निम्मे आकडे बाहेरच बोंबलत राहायचे.

"बाबा, घाई काहून करून राहिले? शेवटची फट उघडी ठेवा. बाकी सगळं जुळलं की मग बुजवा."

"बराबर हाय, मास्तरीणबाई," म्हणून हसायचे. मला कोण अभिमान वाटायचा! काय माझी अक्कल!

दोन वर्षांनी बाबांनी मला कळमनुरीच्याच नोंदणी कार्यालयात बोलावलं. मला वाटलं, एकराचं काम निघालं. नवी साडी नेसून गेले, मूर्खासारखी. तिथं भाऊ होता, दोन साक्षीदार होते, आणि टाईप केलेलं हक्कसोडपत्र. बहिणीनं भावासाठी वाटा सोडायचा, बदल्यात चोळीचा खण घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. सोबत बाबांनी स्वतः आखलेला नकाशा, विहीर भावाच्या बांधात. सगळ्यांच्या सह्या झालेल्या. माझी जागा तेवढी कोरी.

"बाबा, हे कधीपासून करून राहिले तुमी?"

"दोन वर्षं झाले, माय. आदी सगळं जुळवलं, मंग तुला बलावलं. घाई न्हाई केली. तूच शिकवलं न."

टोमणा नव्हता तो. कौतुकानं बोलले, म्हणून जास्त लागलं. मेलं माझं तोंड!

मी सही केली. खण टेबलावरच टाकून एकटी घरी आले. त्यानंतर एकाही रविवारी गेले नाही.