रिकामा खिळा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची सगळी नोकरी जपानी चित्रकला शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्या तरी जपान काही सुटला नाही. दिल्लीतल्या आमच्या मुनिरक्याच्या भाजीवाल्याकडून त्या कोथिंबिरीची जुडीसुद्धा दोन्ही हातांनी, किंचित वाकून घेतात. हल्ली तोही वाकतो. बोलणं मात्र अस्सल पुणेरी: "घाई असेल तर तू पुढे हो, मी येते."

मानेसरच्या आमच्या कारखान्यात पाहुणे येणार होते. लॉबीत एक जुनं, गुंडाळता येणारं जपानी चित्र टांगलेलं होतं. त्यावर दोन शब्द बोलायला मी काकूंना घेऊन गेलो. साहेब, पाहुणे, गुच्छ, सगळं तयार. काकूंनी आधी चित्र पाहिलं, मग समोरच्या काचेतून त्यावर पडणारं ऊन.

"कधीपासून लावलंय हे?"

"ऑफिस उघडलं तेव्हापासून," मी कौतुकाने सांगितलं.

"अरे बाबा, ही चित्रं चार दिवस बघायची आणि मिटून ठेवायची असतात. थकतात ती. स्टूल आण."

मी स्टूल धरून उभा, आणि काकू सगळ्यांदेखत वर. चित्र उतरवून त्यांनी सावकाश गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं. "अब इसे आराम करने दीजिए." भाषण संपलं. माझी नोकरीही संपली असं मला वाटलं. पण साहेबांनी दोन्ही हात पुढे केले, आणि नकळत वाकलेसुद्धा.

चित्र आता कपाटात असतं. भिंतीवर होतं तेव्हा कोणी मान वर करत नसे. आता त्या रिकाम्या खिळ्यासमोर जो तो थांबतो आणि विचारतो, "यहाँ क्या लगा था?"