साहेबाची पारख

स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सात वर्षांतली गोष्ट. मी वर्धेच्या कोर्टात दुभाषी होतो. एक वकील तिथे एकाच खटल्यापुरते आले. व्यापाराचे खटले लढायला ते परदेशातही जाऊन आलेले, पण काळ्या कोटाखाली धोतरच. प्रश्न विचारण्याआधी ते सोग्यानं चष्मा पुसत, आणि तेवढ्यात साक्षीदाराला घाम फुटे.

हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी विलायती कंपनीनं हलक्या प्रतीच्या म्हणून नाकारल्या होत्या. बाजारात आता त्याच्या शब्दावर कोणी माल घेईना, म्हणून त्यानं कंपनीवर दावा लावला होता; हे वकील त्याच्याच बाजूचे. कंपनीचा गोरा तज्ज्ञ साक्षीला उभा राहिला आणि नुसत्या बोटांनी कापूस ओळखतो म्हणाला.

वकिलांनी खिशातून दोन पुंजके काढून त्याच्या हातावर ठेवले. साहेबानं तंतू ओढून पाहिले. डावा उत्तम, उजवा टाकाऊ, असं त्यानं ठामपणे सांगितलं.

"दोन्ही पुंजके कोर्टाच्या नाझरांच्या खुर्चीवरच्या गादीतले आहेत," वकील नम्रपणे म्हणाले. नाझरांनीही मान डोलावली. व्यापारी खटला जिंकला.

बाहेर चहा पिताना मी विचारलं, "साहेबानं दोन्ही सारखेच आहेत म्हटलं असतं तर?"

"तं आपन हारलो असतो," ते हसून म्हणाले. "पन इतक्या दुरून बोलावलेला मानूस 'मले समजत नाई' असं म्हनत नाई."

मी चहा संपवला. साहेबाच्या साक्षीतले चार-पाच शब्द मलाही कळले नव्हते. ते मी अंदाजानंच मराठीत केले होते.