लढाईनंतर गेलेला पाय

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बाबांना सगळे ‘इंजिनिअर साहेब’ म्हणायचे, आणि म्हणताना हळूच हसायचे. बाबा सैन्याच्या इंजिनिअर पलटणीत हवालदार होते. लढाईत पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग पेरायचे, ही त्या पलटणीची कामं. पण इंजिनिअर म्हटलं की डिग्री आणि टेबल एवढंच लोकांना ठाऊक. त्यात बाबांचं उजवं पाऊल नकली, पुण्याला सैन्याच्या केंद्रात बसवून दिलेलं, त्यामुळे जिना चढताना ठक ठक आवाज व्हायचा. त्या आवाजाने मुलं खेळ थांबवून बघत राहायची, तेव्हा मी मान खाली घालून पुढे जायची.

मी कॉलेजात होते त्या वर्षी कमिटीने ठरवलं, पंधरा ऑगस्टला झेंडा बाबांनी फडकवायचा. सूत्रसंचालन मी करायचं, कारण माझं इंग्लिश चांगलं. बाबांनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. हे मात्र त्यांना हवं होतं. ट्रंकेतून पदकं निघाली, त्यांच्या फिती आईने हाताने धुतल्या. दोन दिवस बाबा आरशासमोर जरा जास्तच वेळ दाढी करत होते.

मग सेक्रेटरी काका भाषणासाठी माहिती घ्यायला आले. चहा झाला. बाबा सुरुंगांचं काम करायचे एवढं त्यांनी ऐकलं होतं, आणि आमच्या भागात सुरुंग म्हणजे डोंगरातल्या खदानीचा. त्यांनी विचारलं, “मग किती डोंगर उडवलेत, साहेब?”

बाबांनी समजावून सांगितलं. सुरुंग जमिनीत पेरायचे, शत्रूचा रणगाडा येईल त्या वाटेवर. लढाई संपली की तेच उचलायचे, म्हणजे गावकऱ्यांना आपल्या शेतात जाता येईल. वाळवंटात वाऱ्याने वाळू सरकते, त्यामुळे नकाशात दाखवलेल्या जागी सुरुंग सापडतोच असं नाही. पोटावर झोपून सळई तिरकी खुपसत पुढे सरकायचं.

“म्हणजे शत्रूचे काढायचे?”

“आपलेच. आम्हीच पेरलेले.”

काका मोठ्याने हसले. “आपणच खणायचं, आपणच बुजवायचं. म्युनिसिपालिटीच झाली की हो.” बाबाही थोडं हसले. मग काकांनी पायाकडे बघत विचारलं, “पण हा तर लढाईतच गेला ना?”

“नाही. युद्धबंदीनंतर. चैत्रात.”

“अच्छा,” काका म्हणाले. “नंतर.”

त्यांनी तो शब्द ज्या आवाजात उच्चारला तो मला अजून ऐकू येतो. हातात घेतलेला पाव शिळा निघाला की गिऱ्हाईक तो परत ठेवतं, तसा.

पुढे काय झालं ते मला जिन्यात कळलं. काकांनी मला थांबवलं आणि सांगितलं की झेंडा आता बिल्डर साहेब फडकवतील, त्यांनी गेटची कमान करून दिलीय. बाबांनी वाईट वाटून घेऊ नये. प्रत्यक्ष लढाईतली जखम असती तर गोष्ट वेगळी, लोक विचारतात ना. बाबांचाही मान ठेवायचाय, म्हणून दोरी आणि फुलांची गाठ तेच बघतील, इंजिनिअर माणूस. आणि बिल्डर साहेबांची ओळख मी इंग्लिशमध्ये करून द्यायची.

मी मोठ्यांशी कधी वर तोंड करून बोलले नव्हते. शाळेत तर उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. त्या दिवशी माझे कान गरम झाले होते. मी म्हटलं, “काका, युद्धबंदी झालीय हे त्या सुरुंगाला कुणी कळवलं नव्हतं. मी ओळखबिळख करून देणार नाही.”

“अगं, एवढं चिडायचं काय त्यात?”

मी वर आले.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. मला वाटलं होतं, ते उठतील, खाली जातील, काहीतरी बोलतील. त्यांनी पदकं रुमालात गुंडाळली आणि आईला ट्रंकेत ठेवायला दिली. पंधरा ऑगस्टच्या सकाळी साधा शर्ट घालून खाली गेले आणि त्यांनी गाठ मारली. मी गॅलरीतून बघत होते. बिल्डरने दोरी ओढली, फुलं पडली, टाळ्या झाल्या. बाबा मागच्या रांगेत ताठ उभे होते.

वर आल्यावर मी त्यांना विचारलं, का गेलात? माझा आवाज चढला होता, आई मला खुणेने गप्प करत होती.

“त्याचं काय चुकलं?” बाबा म्हणाले. “नंतरच गेला ना पाय.” मग म्हणाले, “माझ्या सेक्शनमधली दोन पोरं त्याच महिन्यात गेली. त्यांच्या गावातसुद्धा ‘लढाईत नाही, नंतर गेली’ असंच म्हणतात.”

त्या दोघांविषयी आमच्या घरात तोवर एक शब्द निघाला नव्हता. बाबांनी चपला काढल्या, खुर्चीवर बसून पट्टा सोडला आणि पाऊल बाजूला ठेवलं. मला सेक्रेटरी काकांचा राग होताच. त्या क्षणी त्याहून जास्त राग बाबांचा आला. त्यांनी तो शब्द केव्हाच मान्य करून टाकला होता, आणि मी एकटीच त्याच्याशी भांडत होते.