झाकणाच्या आतल्या दोन ओळी

मला कानडी वाचता येत नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात आईशी कानडीत बोलत वाढलो, पण शाळा मराठी. बोलतो म्हणजे वाचत असणार, असं लोकांनी धरलं आणि मीही ते खोडून काढलं नाही.

फिरत्या वैद्यांच्या औषधपेट्यांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा होटगीत अशी एक पेटी असल्याचं कळलं. सागवानी, खांद्याला अडकवायचा पट्टा, आत पितळी काटा आणि वजनाला गुंजा. पलटणीच्या पेट्या मी पाहिल्या होत्या, त्यांचे खण एका मापाचे. इथं वेखंडाचा खण सगळ्यांत मोठा, कारण खपायचं तेच. वैद्य कधीच वारले होते. पेटी उघडून दाखवली त्यांच्या धाकट्या मुलीनं, सत्तरीच्या अक्कांनी. वडील पॅसेंजरनं गावोगाव हिंडायचे, घरी कुटणं-खलणं अक्कांकडं. वैद्यकी मात्र थोरल्या भावाकडं गेली. तोही आता नाही.

झाकणाच्या आत कानडीत दोन ओळी होत्या. अक्का शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या.

“तम्मा, वाच की. माझं नाव-बिव हाय का बघ त्यात.”

मी चष्मा पुसला, ओळींवरून बोट फिरवलं. “औषधांची नावं आहेत, अक्का.”

“व्हय? नुसती औषधंच?” त्या हसल्या. “म्हातारं तसलंच. जलमभर खललं मी, एकदा बरं म्हणालं न्हाई. ने बाबा पेटी. हितं उंदरंच कुरतडत्यात.”

मी आणली.

पुस्तकाची मुद्रितं तपासणारे गृहस्थ अक्कलकोटचे, कानडी वाचणारे. झाकणाचा फोटो पाहून त्यांचा फोन आला.

“सर, खाली ‘औषधांची यादी’ काय छापताय? मुलाला लिहिलंय की हे. ‘मात्रा अडली तर धाकटीला विचार. तिचा हात माझ्यापेक्षा बरा.’”

“घाईत राहिलं,” मी म्हणालो. तेही खोटंच.

पुस्तकात ओळ बरोबर छापली. वाचणाऱ्यांना ती आवडली, दोघातिघांनी मुद्दाम कळवलं. अक्कांना ती माहीत नाही.

वर्ष होत आलं. अक्का हयात आहेत, आणि होटगी इथून तासाभराच्या आत येते. मी गेलेलो नाही. त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून मला काही वाचता आलं नव्हतं हे आधी कबूल करायचं, मग ती ओळ ऐकवायची आणि पेटी त्यांच्या हातात द्यायची. एवढं माझ्याकडून राहिलेलं आहे.